मेल ॲप ‘कनेक्टिंग’वर अडकतं, त्यामागचा माणूस : जॉन पोस्टेल

मेल पाठवायला गेलात आणि चकरी फिरतच राहिली, असं तुमचंही झालं असेल. बाकी व्हिडिओ मस्त चालू, फक्त मेल अडकलेला! अशी तक्रार आली की मला जॉन पोस्टेल आठवतात, कारण मेल पाठवायचे नियम त्यांनीच लिहिलेत.

पोस्टेल यांचा जन्म १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. १९६९ मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट सुरू झालं, तेव्हा ते यूसीएलएमध्ये शिकत होते. नेटवर्कचे नियम ज्यांत लिहिले जातात त्या ‘आरएफसी’ कागदपत्रांचं संपादन त्यांनी शेवटपर्यंत केलं. कुठल्या सेवेला कोणता पोर्ट नंबर, याची नोंदही तेच ठेवायचे. ऑगस्ट १९८२ मध्ये त्यांचा एसएमटीपीचा नियम आला.

त्यात एक साधी शिस्त आहे : आधी सर्व्हर बोलणार. फोन जोडला गेला की सर्व्हर २२० या आकड्याने स्वागत करतो, मगच फोनने आपलं नाव सांगायचं. तेव्हा नेटवर्क छोटं होतं, त्यामुळे सांगितलेल्या नावावर विश्वास ठेवला जायचा. पुढे स्पॅम वाढला आणि सर्व्हर चौकशी करू लागले. अनेक सर्व्हर स्वागताआधीच तुमच्या आयपीवरून नाव शोधतात. याला रिव्हर्स डीएनएस म्हणतात. डीएनएसकडून उत्तर आलं नाही, तर सर्व्हर वाट बघत बसतो आणि आपणही. काही सर्व्हर तर मुद्दाम काही सेकंद गप्प राहतात. स्पॅम पाठवणाऱ्या बॉटला धीर नसतो, तो आधीच बोलतो आणि पकडला जातो!

म्हणून मी आधी थांबा नेमका कुठे आहे ते बघतो. कॉम्प्युटरवरून टेलनेटने सर्व्हरच्या पोर्ट ५८७ ला जोडायचं.

• जोडणीच उशिरा होते : फायरवॉल किंवा बिघडलेलं आयपीव्ही६ तपासा.
• जोडणी लगेच, पण २२० उशिरा : सर्व्हर ज्या डीएनएसला विचारतो तो तपासा.
• २२० लगेच, पण ॲप पुढे अडकतं : पासवर्ड तपासणी किंवा एन्क्रिप्शनकडे बघा.

मजा म्हणजे डीएनएस घडवायचं काम पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे पोस्टेल यांनीच सोपवलं होतं. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी डीएनएसच्या बारापैकी आठ रूट सर्व्हरच्या चालकांना आपल्या मशीनकडून माहिती घ्यायला सांगितलं. त्यांनी ऐकलंही! अमेरिकी सरकार नाराज झालं आणि बदल मागे घेतला गेला. एका माणसाच्या शब्दावर इंटरनेटचा एवढा मोठा भाग हलत होता. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, ५५ व्या वर्षी ते गेले.

तेव्हा पुढच्या वेळी मेल अडकला, तर लगेच ॲप काढून पुन्हा टाकू नका. थांबा कनेक्ट होताना आहे की नंतर, एवढं बघा आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला तेच सांगा. त्याचं अर्धं काम तिथेच होतं.