घागर, चूल आणि नवजीवन
कै. लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र

महाडास राहून चवदार तळे ठाऊक नाही असा विद्यार्थी विरळाच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्यासमवेत आलेले लोक या तळ्याचे पाणी प्याले. पुढे तळे बाटले असे मानणाऱ्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची शुद्धी करविली. हा इतिहास आपल्या गावाचा आहे. या प्रसंगापूर्वी सुमारे पाव शतक, घाटापलीकडे नगर जिल्ह्यात, एका स्त्रीने पाण्याचा हाच प्रश्न आपल्या मनाशी सोडविला होता. तिच्याभोवती सभा नव्हती की जमाव नव्हता. होती ती केवळ स्वयंपाकाची चूल व पिण्याच्या पाण्याचे भांडे. त्या कै. लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र आम्ही या अंकी आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकनजीकच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या बंडाच्या प्रकरणी फाशी झाली होती. त्या धक्क्याने वडिलांच्या मनावर असा काही परिणाम झाला की, सोवळे हाच त्यांच्या आयुष्याचा एकमेव व्यवसाय होऊन बसला. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे, आणि त्या धुण्यापुसण्याचा सारा जाच घरातील बायकामुलांना सोसावा लागे. म्हणजे आपली नायिका घरकाम शिकली ती भयाच्या शाळेत. भांडे घासावयाचे ते स्वच्छतेसाठी नव्हे, तर विटाळ होईल या धास्तीने. पाणी भरावयाचे तेही कोणाची सावली पडेल या चिंतेने. हे येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, पुढील आयुष्यात त्यांनी कामे तीच केली, परंतु त्यांच्या मुळाशी असलेले भय निघून गेले.

१८८० साली, अवघ्या अकराबारा वर्षांच्या वयात, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक मूळचे आपल्या कोकणातलेच. दापोली तालुक्यातील करजगाव हे त्यांचे जन्मस्थान. कवी, विद्वान, उदार, पण वृत्तीने अस्थिर आणि तापट. हाती आलेला पैसा दुसऱ्याची गरज दिसताच देऊन टाकावयाचा व घरात काय शिजणार याचा विचार मागून करावयाचा, अशी त्यांची तऱ्हा. त्या अस्थिर संसाराचा मेळ लक्ष्मीबाईंनी कसा घातला, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचताना हसू येते आणि पोटात कालवतेही. लग्नाच्या वेळी त्यांना अक्षरओळखही नव्हती. ती पुढे सासरी झाली, आणि तीही टिळकांच्या लहरीप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. लहान मुलगा दत्तू यास घेऊन त्या पंढरपूर व इतर ठिकाणी नातलगांकडे राहिल्या. नवरा जिवंत असून घर नाही, अशी ती वर्षे गेली. अखेर नगर येथे त्या टिळकांकडे परत आल्या. मात्र धर्म बदलावयाचा नाही, हा निश्चय करूनच. त्यांचे सोवळे मोडू नये म्हणून निराळ्या चुलीची व निराळ्या पाण्याची तजवीज झाली. टिळकांनी आग्रह धरला नाही. एरवी उतावळ्या असलेल्या या पुरुषाने येथे दाखविलेला धीर आम्हांस त्याच्या कित्येक कवितांहून मोठा वाटतो.

आता मुख्य गोष्ट. त्या निराळ्या पाण्यासाठी दररोज किती खटाटोप करावा लागतो, हे लक्ष्मीबाई पाहत होत्या. कोणाच्या हातचे चालेल, कोणाच्या हातचे चालणार नाही, याचा विचार करता करता त्यांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला: ही जात देवाने केली की माणसाने? जन्म सर्वांस सारखाच, मरणही सारखेच. सुखदुःखेही काही निराळी नाहीत. मग देवाने माणसामाणसांत ही भिंत घातलीच कोठे? मनाचा निर्णय झाला आणि त्यांनी टिळकांस सांगून टाकले की, यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी मला चालेल. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताची त्यांना झालेली खरी ओळख त्या पाण्याच्या भांड्यापाशीच झाली, असे आम्ही समजतो. शोमरोनी स्त्रीजवळ विहिरीकाठी पाणी मागणाऱ्या प्रभूची कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. लक्ष्मीबाईंच्या घरी ती जणू पुन्हा घडली.

यापुढे त्यांची कामे हलकी झाली असे कोणी समजू नये. उलट ती वाढली. त्या काळच्या भयंकर दुष्काळाने पोरकी केलेली मुले टिळकांच्या आश्रयास आली. त्यांना न्हाऊमाखू घालणे, त्यांच्या उवा काढणे, त्यांच्यासाठी भाकऱ्या थापणे हे कोणी करावयाचे? ज्या हातांना एकेकाळी परक्याचा स्पर्श विटाळ वाटे, तेच हात जात न पुसता दुसऱ्यांच्या लेकरांची डोकी विंचरू लागले. प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषाही त्यांनी केली. बालकवी ठोमरे हे पोरसवदा असताना टिळकांच्या घरी राहिले. त्यांनाही लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलासारखे वागविले. मार्था व मरिया या बहिणींची कथा सांगताना उपदेशक बहुधा मार्थेस दोष देतात. आमच्या मते त्या माउलीवर थोडा अन्याय होतो. लक्ष्मीबाईंच्या ठायी या दोन्ही बहिणी एकत्र नांदत होत्या.

१९१७ साली टिळकांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली. त्यांच्या त्यागाची स्तुती पुष्कळांनी केली आहे आणि ती यथार्थच आहे. परंतु संन्याशाच्या घरीही चूल पेटवावीच लागते, आणि ती पेटविणाऱ्या स्त्रीचे नाव त्या स्तुतीत क्वचितच येते. आमच्या शाळेतील पालकांस येथे एक विनंती करावीशी वाटते. सावित्रीच्या खोऱ्यात पाऊस धो धो कोसळतो, पण डोंगरउतारावरून सारे पाणी वाहून जाते आणि वैशाखात पोलादपूरकडील कित्येक वाड्या कोरड्या पडतात. तेव्हा झऱ्यावर जाण्याचा किंवा टँकरपुढे उभे राहण्याचा प्रसंग येतो तो बहुधा मुलीवर. मुलगा पुस्तक घेऊन बसतो. पाणी भरणे ही देवाची सेवा असेल, तर तिचा लाभ मुलांनाही होऊ द्यावा.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते, पण थोडेच अध्याय लिहून झाले होते. ज्या पत्नीला लग्नात अक्षर येत नव्हते, तिने उतारवयात ते कार्य अंगावर घेतले व ग्रंथाचा बहुतांश भाग स्वतः रचला. १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. त्यांतील भाषा स्वयंपाकघरातली आहे. मजघरात बसून एखादी आजी बोलते तशी. स्वतःची फजिती सांगताना त्या हात राखीत नाहीत. त्यांच्या एका कवितेचे नावच ‘करंज्यातला मोदक’ असे आहे. करंज्या केल्या की त्यांत एखादा तरी मोदक करावयाचा, ही चाल आमच्या वाचकांपैकी आयांना सांगावयास नको.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रसिद्ध झाले. तो छापील ग्रंथ पाहण्यास त्या राहिल्या नव्हत्या. त्यांच्या कवितांचा संग्रहही मागाहूनच निघाला. त्याचे नाव ‘भरली घागर’.