सातबारा नसलेल्यांची माती

मैत्रिणींनो, मागे एकदा आमच्या बचत गटाच्या बैठकीत कंपोस्ट खताचा विषय निघाला. मी नेहमीच्या उत्साहात बोलत होते. पालापाचोळा जाळू नका, खड्ड्यात टाका, मातीचा कस वाढतो, वगैरे वगैरे. तेवढ्यात मागे बसलेल्या एकीने विचारलं, ताई, राबतो आम्ही, पण सातबारावर नाव आमचं नाही. कितीतरी जणी तर दुसऱ्याचं शेत बटईने करतात. मग त्या मातीची काळजी आम्ही का वाहायची? खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही.

रात्री ओटा आवरताना मला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आठवले. वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली आलं आणि आपल्यापैकी अनेकींनी ते वाचलंय. मीही कॉलेजात असताना वाचलं होतं. पण तेव्हा डोक्यात राहिला तो शेंगदाणा. माती काही लक्षात राहिली नाही.

कार्व्हरांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, एका गुलाम आईच्या पोटी झाला. नक्की तारीख कुणी लिहून ठेवलीच नाही. तान्हं असतानाच चोरट्यांनी आईसह पळवून नेलं. मूल परत मिळालं, आई मात्र कधीच सापडली नाही. मोझेस आणि सुझन कार्व्हर या मालक जोडप्याने त्याला आणि त्याच्या भावाला वाढवलं. पोर अशक्त, सारखं आजारी. शेतातली जड कामं झेपेनात, म्हणून सुझनबाईंनी त्याला घरातली कामं शिकवली. स्वयंपाक, धुणं, शिवण, विणकाम सगळं. आपण ज्याला बायकी कामं म्हणून नाक मुरडतो ना, त्याच कामांवर हा मुलगा पुढे शिकला. गावोगावी लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून त्याने शाळेचा खर्च भागवला.

कॅन्ससमधल्या एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला, पण समोर काळा मुलगा बघून दारातूनच परत पाठवलं. मग १८८६ मध्ये त्याने तिथल्याच माळरानावर सरकारी जमीन घेतली, मातीच्या ढेकळांचं घर बांधलं आणि शेती केली. पुढे १८९० मध्ये आयोवातल्या सिम्पसन कॉलेजात तो चित्रकला शिकू लागला. चित्रं सुंदर काढायचा. पण तिथल्या एटा बड या चित्रकलेच्या शिक्षिकेला त्याचं झाडांचं वेड दिसलं आणि तिने त्याला एम्सच्या शेतकी कॉलेजकडे वळवलं. १८९६ मध्ये तिथून एम.एस्सी.च्या तोडीची पदवी मिळाली. तिथेच मानाने राहता आलं असतं. पण त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांचं बोलावणं आलं आणि कार्व्हर अलाबामातल्या टस्कीगी या काळ्या मुलांच्या संस्थेत गेले. ते शेवटपर्यंत तिथलेच झाले.

तिथे काय होतं? वर्षानुवर्षं कापूस, कापूस आणि कापूस. जमीन पार निकस झालेली. पावसाने वरची माती वाहून जाऊन शेतात घळी पडलेल्या. गुलामी कायद्याने संपली होती, पण बहुतेक काळी कुटुंबं मालकाच्या जमिनीवर वाट्याने राबत होती. बी, अवजारं, धान्य सगळं उधारीवर. मालकाला आणि सावकाराला कापूसच हवा, म्हणून अगदी झोपडीच्या दारापर्यंत कापूस लावायचा. भाजीपाल्याला जागाच नाही. मुलंबाळं आजारी. म्हणजे मैत्रिणींनो, यांच्याही नावावर सातबारा नव्हता!

कार्व्हरांच्या वाट्याला प्रयोगासाठी अशीच रद्दी जमीन आली. त्यांनी घळींमध्ये झाडांच्या फांद्या, कापसाच्या पळाट्या, पानं, जो मिळेल तो काडीकचरा भरला. जंगलातला कुजलेला पाला आणि दलदलीतला गाळ आणून शेतात घातला. खोल नांगरट केली. कापसाच्या जागी चवळी, रताळी, मग भुईमूग असा पिकांचा फेरपालट केला. चवळी-भुईमुगाच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीला देतात. म्हणजे विकतचं खत न आणता खत. आणि वर घरात खायला कडधान्य! १९०५ मध्ये त्यांनी निकस जमीन कशी सुधारायची यावर साध्या भाषेतली पुस्तिका काढली.

पण वाचता न येणाऱ्यांचं काय? १९०६ मध्ये त्यांनी घोडागाडीवर फिरती शाळाच सुरू केली. गाडीत नांगर, बियाणं, लोणी काढायचं यंत्र. पुढे या फिरत्या शाळेसोबत नर्स आणि घरकाम शिकवणाऱ्या बाईही जाऊ लागल्या. फळं-भाज्या टिकवायच्या कशा, तिथल्याच रंगीत मातीने भिंती कशा रंगवायच्या, हेसुद्धा ते शिकवत. बायकांना हाताशी धरल्याशिवाय घरही सुधारत नाही आणि शेतही नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

१९१० च्या सुमारास बोंडअळीच्या भुंग्याने अलाबामात कापूस खायला सुरुवात केली आणि त्यांच्या सांगण्याचं महत्त्व वाढलं. १९१६ मध्ये त्यांनी भुईमूग कसा पिकवायचा आणि त्याचे १०५ पदार्थ कसे करायचे याची पुस्तिका काढली. १९२१ मध्ये भुईमुगासाठी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बोलले आणि देशभर नाव झालं. शेंगदाण्याचं लोणी त्यांनी शोधलं असं आपण ऐकतो, ते मात्र खरं नाही. त्यांच्या कितीतरी वस्तू कधी बाजारातही आल्या नाहीत. पण मातीचं काम खरं होतं.

स्वतःसाठी त्यांनी जवळजवळ काही खर्च केलं नाही. लग्न केलं नाही. साठवलेले सुमारे ६० हजार डॉलर संशोधनासाठी देऊन टाकले. ५ जानेवारी १९४३ रोजी ते गेले.

वाटेकऱ्यांच्या कर्जाची साखळी काही कार्व्हरांना तोडता आली नाही. ते काम कायद्याचं, चळवळीचं होतं. पण जमीन कुणाचीही असो, चवळीची शेंग आधी राबणाऱ्याच्या पोरांच्या ताटात पडते, हे त्यांनी दाखवलं.

पुढच्या बैठकीत मी त्या बाईला हे सगळं सांगितलं. ती हसली, म्हणाली, ते ठीक आहे, पण नावाचंही बघा. मी हो म्हटलं. आता आम्ही दोन्ही करतोय. बैठकीच्या वहीत एका पानावर खत-बियाण्याचा हिशोब आहे आणि दुसऱ्या पानावर, कुणाकुणाचं नाव अजून सातबारावर लागायचंय, त्याची यादी.