हुकूमतपनाह रामचंद्रपंत अमात्य

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना रणांगणावरील पराक्रमाची वर्णने शोधण्याची आपणांस सवय झाली आहे. तलवार गाजविणाऱ्याचे नाव पोवाड्यांत राहते. परंतु राज्यातील झाडे, पाणी आणि केरकचरा यांची चिंता वाहणारा पुरुष सहसा मागे पडतो. वस्तुतः पुढील पिढ्यांचे कल्याण या दुसऱ्या प्रकारच्या पुरुषावर अधिक अवलंबून असते. रामचंद्र नीलकंठ अमात्य हे असे एक पुरुष होत. त्यांचे चरित्र आपल्या ज्ञातीच्या या वार्षिक स्मरणिकेत द्यावे असे अनेक दिवस मनात होते. आपल्या बहुतेक कुटुंबांचा उदरनिर्वाह पिढ्यान्‌पिढ्या वाडीवर आणि खाडीवर होत आला असल्यामुळे या चरित्रातील बोध आपणांस विशेष जवळचा वाटेल, अशी आशा आहे.

रामचंद्रपंतांचा जन्म सुमारे १६५० साली झाला. त्यांचे घराणे बहुतकर आडनावाचे असून ते मूळचे कल्याण-भिवंडीकडील कोळवण येथील, असे सांगितले जाते. म्हणजे आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा होण्यापूर्वी ज्या ठाणे जिल्ह्याचा भाग होता, त्याच मुलखाशी या घराण्याचा संबंध येतो. वडील निळो सोनदेव हे शिवछत्रपतींच्या विश्वासातील कारभारी होते. कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर त्याच खाडीत मराठी आरमाराची पहिली जहाजे बांधली गेली. जहाज म्हणजे लाकूड, आणि लाकूड म्हणजे कोणाचे तरी झाड, ही गोष्ट या घराण्याच्या मुलास लहानपणापासून ठाऊक असावी.

१६७२ मध्ये रामचंद्रपंतांकडे मुजुमदारीचे काम आले. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा ते अष्टप्रधानांत अमात्यपदी होते. त्या समयी त्यांचे वय चोवीस-पंचवीस वर्षांचे होते. अमात्याचे काम जमाखर्चाचे. राज्यात काय आले, काय गेले, शिल्लक किती, याचा हिशेब त्याने ठेवावयाचा. हा हिशेबी स्वभाव पंतांच्या अंगी शेवटपर्यंत राहिला आणि त्यांचे मोठेपणही त्यातच आहे.

१६८९ साली स्वराज्यावर महासंकट कोसळले. संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, आणि राजाराम महाराजांना दूर जिंजीस जावे लागले. अशा प्रसंगी महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंतांच्या हाती सोपविण्यात आला आणि त्यांस हुकूमतपनाह हा किताब देण्यात आला. खजिना रिकामा, किल्ले एकामागून एक शत्रूच्या हाती जात असलेले, आणि समोर औरंगजेब बादशहाची अफाट फौज. तरीही शंकराजी नारायण सचिव यांच्या साह्याने पंतांनी कारभार उभा ठेवला आणि संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्यासारख्या सेनानींस पाठबळ दिले. १७०७ साली औरंगजेब दक्षिणेतच मरण पावला. राज्य मात्र उरले.

या यशासाठी मोठी किंमत द्यावी लागली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. रोख पैसा नसल्यामुळे सरदारांना राखण्यासाठी वतने व इनामे देण्यावाचून त्या काळी गत्यंतर राहिले नाही. शिवछत्रपतींनी वतनदारीस आवर घातला होता. तो संकटकाळी सैल झाला. एकदा दिलेले वतन परत घेता येत नाही आणि वतनदार प्रबळ झाला की राज्य दुबळे होते, हे पंतांनी डोळ्यांनी पाहिले. आजची गरज भागविण्यासाठी कायमची ठेव मोडली, तर तिचे व्याजही जाते आणि मुद्दलही जाते, हा धडा त्यांनी पुस्तकातून घेतलेला नसून स्वतःच्या कारभारातून घेतलेला होता. पुढे झाडांविषयी त्यांनी जे लिहिले त्याच्या मागे हा अनुभव उभा असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर छत्रपतींच्या घराण्यात दुही माजली. पंत प्रथम ताराबाईंच्या पक्षात होते. १७१४ साली पन्हाळ्यावर सत्तांतर होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी हे गादीवर आले, तेव्हा पंतांनी त्यांचा कारभार सांभाळला. याच तरुण राजाच्या नावे १७१५ साली त्यांनी आज्ञापत्र हा राजनीतीचा ग्रंथ सिद्ध केला. पुढील वर्षी, १७१६ मध्ये, त्यांनी देह ठेवला. चार छत्रपतींहून अधिक काळ ज्यांनी पाहिला, त्या वृद्ध अमात्याने जाता जाता नव्या पिढीच्या हाती दिलेली ही शिदोरीच होय.

आज्ञापत्रातील झाडांविषयीचा मजकूर आज पुष्कळ ठिकाणी शिवछत्रपतींचे पत्र म्हणून सांगितला जातो. धोरण महाराजांच्या परंपरेतील आहे यात शंका नाही. परंतु तो मजकूर या ग्रंथातील आरमाराच्या प्रकरणातला आहे. त्याचा भावार्थ असा. आरमारास फळ्या, सोट व डोलकाठ्या यांसाठी मोठे लाकूड लागते. राज्यातील अरण्यांत साग वगैरे वृक्ष आहेत. त्यांपैकी जेवढे सोयीचे पडेल तेवढे सरकारास कळवून, परवानगीने तोडावे. त्याहून अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस ही झाडेही जहाजांच्या उपयोगाची खरी, पण त्यांस हात लावू देऊ नये. कारण ती एकदोन वर्षांत होणारी नव्हेत. रयतेने ती लेकरांसारखी दीर्घकाळ वाढविलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखास पार राहत नाही, आणि अशा दुःखावर उभारलेले कार्य टिकत नाही. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्यास राजी करून, त्याचे मोल देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. बळजोरी मुळीच करू नये.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पंतांनी आरमार नको असे म्हटलेले नाही. जहाजांवाचून राज्याचा बचाव नाही, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी गरज नाकारली नाही, तर तिला मर्यादा घातली. आधी मोजावे, मग परवानगी घ्यावी, कमी पडेल ते पैसे देऊन बाहेरून आणावे, आणि जे निर्माण होण्यास एक पिढी लागते त्यास संमतीवाचून स्पर्श करू नये. पर्यावरणाचे रक्षण आणि राज्याची उन्नती या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न जणू आजच उत्पन्न झाला आहे असे आपण बोलतो. पण तीनशे वर्षांपूर्वी एका हिशेबी कारभाऱ्याने त्याचे सरळ उत्तर देऊन ठेवले आहे.

दुर्गांच्या प्रकरणातही अशीच दृष्टी दिसते. गडावर मुळात जी झाडे असतील ती राखावीत. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखे मोठे वृक्ष, लिंबू-नारिंगासारखी लहान झाडे व फुलझाडेही लावावीत. ज्याचा आज उपयोग दिसत नाही तेही झाड जतन करावे, कारण प्रसंगी निदान त्याचे लाकूड तरी कामास येईल. पाण्याविषयी ते सांगतात की, गडावर झरा आहे एवढ्यावर विसंबून राहू नये. राखीव साठ्यासाठी दोन-चार टाकी, तळी बांधावीत आणि त्यांतील पाणी खर्चू देऊ नये. केराविषयीची आज्ञा तर फारच मार्मिक आहे. वाटांवर, बाजारात केरकसपट पडू देऊ नये, आणि झाडलेला केर गडाखालीही टाकू नये. तो जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी व घरोघरी भाजीपाला करावा. गडाखाली लोटलेला केर गडावरच्या माणसास दिसत नाही, पण पायथ्याच्या गावास तो सोसावा लागतो. आपली घाण दुसऱ्याच्या माथी मारू नये, हा त्यातील अर्थ आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. पंतांच्या हयातीत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर हा किनारा फिरंग्यांच्या अमलाखाली होता. १७३९ च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. तारापूरच्या वेढ्यात बाजी भीवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. त्याच तारापुराजवळ १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. या उद्योगांनी आपल्या अनेक घरांत चूल पेटती ठेवली आहे. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाच्या मापाने क्रमवारी लावली, तीत तारापूरचा क्रमांक पहिला आला, हेही तितकेच खरे आहे. कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. गडाचा केर आपण गडाखाली टाकत आलो आहोत.

मग सामान्य माणसाने करावे काय? दोन उदाहरणे आपल्या अंगणातीलच आहेत. शेजारचा डहाणू तालुका १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये तेथे प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी अनेक वर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळले. त्या प्राधिकरणाच्या आग्रहामुळे तेथील औष्णिक वीज केंद्रास धुरातील गंधक काढून घेणारी यंत्रणा बसवावी लागली. वीजही मिळाली आणि धुराचाही काही बंदोबस्त झाला. दुसरे उदाहरण तर ज्ञातिसंस्थेचेच आहे. तारापूरच्या सांडपाण्याने मासेमारीची हानी होते म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. ज्ञातिसंस्थेचे कार्य वधूवर मेळावे आणि गुणवंतांचे सत्कार येथेच संपत नाही, हे आपल्या मच्छीमार बांधवांनी दाखवून दिले आहे.

येथे स्वतःचा एक अपराध सांगितल्यावाचून राहवत नाही. नवे घर बांधताना प्रस्तुत लेखकाने आजोबांच्या हातचा फणस तोडला. झाड जीर्ण नव्हते. पडवी दोन हात पलीकडे घेतली असती तर ते वाचले असते. त्या दिवशी आई जेवली नाही. ती कोणास काही बोलली नाही. संध्याकाळी ओल्या बुंध्याजवळ बसून राहिली, एवढेच. मी वर्गात मुलांना शिवकाल शिकवीत होतो. पण आज्ञापत्रातील रयतेच्या दुःखाचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला. पुढे मी त्या जागेजवळ दुसरे रोप लावले. त्यास फळ धरू लागले आहे, पण ते खावयास आई राहिली नाही.

म्हणून आपल्या ज्ञातिबांधवांस विनंती आहे की, प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाडीतील जुन्या झाडांची आणि विहिरींची नोंद घरातील वहीत करावी. कोणते झाड कोणी लावले हे मुलांस सांगावे. रस्त्यासाठी, कारखान्यासाठी वा स्वतःच्या घरासाठी झाड मागितले गेले, तर पंतांचे प्रश्न विचारावेत: गरज मोजली काय, दुसरा उपाय पाहिला काय, झाड जीर्ण आहे काय, धनी राजी आहे काय? आणि सांडपाण्याविषयी विचारावे की, हे कोणाच्या दारात जाणार? एकट्याने विचारलेला प्रश्न हवेत विरतो. संघाने विचारलेल्या प्रश्नास उत्तर द्यावे लागते.

रामचंद्रपंतांची समाधी पन्हाळगडावर आहे. सहलीस जाणाऱ्या तरुणांनी तेथे क्षणभर थांबावे. ज्यांच्या हाती राज्य चालविण्यापुरताही पैसा नव्हता, त्या पुरुषाने रयतेचा आंबा-फणस राखला, हे मनात आणावे, आणि परत आल्यावर येत्या मृगात आपल्या परसात एक रोप लावावे. त्याचे फळ कोण खाईल हे विचारू नये. आपण ज्या झाडाखाली खेळलो ते लावणाऱ्यानेही तसे विचारले नव्हते.