डॉ. सलीम अली : एका मुलाचे दोन प्रश्न



थंडीच्या दिवसांत आपण इंदापूर तालुक्यातील भिगवण किंवा कुंभारगावच्या बाजूस गेला असाल, तर उजनी धरणाच्या उथळ पाण्यात उभे असलेले रोहित पक्ष्यांचे थवे आपण पाहिले असतील. त्यांना पाहून आपल्या तोंडून सुब्हानल्लाह निघते आणि आपण पुढच्या वाटेला लागतो. हा पक्षी येतो कोठून, खातो काय, त्याच्या येण्याजाण्याचा माणसाशी संबंध कोणता, हे विचारण्याचे कष्ट आपण क्वचितच घेतो. ज्यांनी हे कष्ट आयुष्यभर घेतले, त्या डॉ. सलीम अली यांचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईतील एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढविले. अनाथाचा सांभाळ करणाऱ्याचे स्थान आपल्या दीनमध्ये किती उच्च आहे, हे आपण जाणताच.

मामांनी दिलेल्या छर्‍याच्या बंदुकीने हा मुलगा चिमण्या टिपीत असे. वय असेल दहाच्या आसपास. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. मग ही मुसलमानाने खावी की खाऊ नये, असा संशय त्याच्या मनात आला आणि चिमणी घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. मात्र त्यांनी मुलाला दटावून गप्प केले नाही. ते 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी मुलाला संस्थेचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी पक्ष्याचे नाव सांगितले, पेंढा भरून जतन केलेल्या शेकडो पक्ष्यांची कपाटे उघडून दाखविली आणि वाचण्यास पुस्तके दिली. वाचकहो, हलाल-हरामच्या एका निरागस प्रश्नातून भारतातील एका थोर संशोधकाचा प्रवास सुरू झाला, तो असा.

हा प्रवास मात्र सुखाचा नव्हता. विद्यापीठाची पदवी त्यांच्या हाती लागली नाही. ब्रह्मदेशातील तवॉय येथे कुटुंबाचा खाणीचा व लाकडाचा व्यवसाय होता. तो सांभाळण्यास ते गेले, पण तो बुडाला. 1926 मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी प्राध्यापक स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले. 1930 मध्ये परतले, तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती.

बेकारीच्या त्या दिवसांत ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. आपल्या कऱ्हाकाठच्या विहिरींवर झुकलेल्या बाभळींना लोंबकळणारी ती विणलेली घरटी आपल्या परिचयाची आहेत. मराठीने या पक्ष्याला स्त्रीचे नाव दिले. परंतु सलीम अलींनी महिनोन् महिने निरीक्षण करून दाखवून दिले की, घरटे विणतो तो नर. मादी ते पारखून पसंत करते आणि आतली सजावट तेवढी पूर्ण करते. पसंती मिळाली की नर दुसरे घरटे विणावयास घेतो. रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीविषयी सर्वांचा समज चुकीचा असू शकतो आणि धीराने पाहणाऱ्यालाच सत्य गवसते, हा त्या संशोधनाचा धडा होय.

पुढे हैदराबाद, त्रावणकोर आदी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी पगार न घेता, केवळ खर्च घेऊन केली. पत्नी तहमीना रानावनात त्यांच्या सोबत असत. 1939 मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. हा घाव सोसून त्यांनी काम चालू ठेवले. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले आणि पुढे डिलन रिप्ली यांच्यासह दहा खंडांचा महाग्रंथ सिद्ध झाला.

आपण विचाराल, पक्षी मोजून माणसाचा लाभ तो कोणता? 1957 मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणली. सिंधुदुर्गात माकडताप म्हणतात, तोच हा रोग. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधला. तो गोचिडांतून पसरतो, हे कळले. मग उत्तरेकडून येणारे पक्षी अशा गोचिडी घेऊन येतात काय, ही शंका निघाली. तिचा शोध घेण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सलीम अलींच्या देखरेखीखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घातली गेली. पक्ष्यांचे ज्ञान असे माणसांच्या आरोग्याच्या कामी आले.

शेतीविषयीही त्यांचा आग्रह असाच होता. पक्ष्याला पिकाचा शत्रू ठरविण्यापूर्वी तो काय खातो, हे तपासा. घुबड उंदीर संपविते, कित्येक पाखरे अळ्या टिपतात, काही फुलांचे परागीभवन करतात. ऊस, द्राक्ष आणि डाळिंबावर जगणाऱ्या आपल्या बारामती-इंदापूरला हे सांगणे आजही लागू आहे. भिगवण परिसरातील मच्छीमारांनी तर ते अनुभवले आहे. पाहुण्यांना नावेतून पक्षी दाखविणे हा त्यांच्या घरांना जोडधंदा झाला आहे. पक्षी राहिले तरच तो राहील. आपल्या पेरणीतून वा झाडातून पाखराने खाल्ले तरी ते सदका ठरते, ही प्रेषितांची (स.) शिकवण शेतकऱ्याने या दृष्टीने पुन्हा आठवावी.

1976 मध्ये मिळालेल्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणासाठी त्याच संस्थेला दिली. 20 जून 1987 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

आता एक गोष्ट लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सलीम अली धर्माचरणात रमले नाहीत. बालपणी त्यांना कुरआन पठण शिकविले गेले, पण अर्थ कोणी सांगितला नाही. वडीलधाऱ्यांपैकी काहींच्या दिखाऊ नमाजीपणाचा त्यांना उबग आला, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्यांचा हिशेब अल्लाहपाशी आहे. तो मांडणारे आपण कोण? मात्र मकतबात मुलांना शिकविणारा म्हणून मला हे वाचून अस्वस्थ व्हायला होते. त्या मुलापाशी प्रश्न दोन होते. चिमणीविषयीचा प्रश्न घेऊन त्याला जाणत्याकडे धाडणारा मामा भेटला. कुरआनच्या अर्थाकडे त्याचे बोट धरून नेणारा कोणी भेटला नाही. ज्या ग्रंथात पक्ष्यांनाही तुमच्यासारखेच समुदाय म्हटले आहे, ज्यात काबीलला कावळा दफन शिकवितो आणि हुदहुद सुलैमान (अ.) यांना सबाची खबर देतो, त्या ग्रंथाचा अर्थ या मुलाला सांगितला असता, तर तो किती तन्मयतेने ऐकत बसला असता!

म्हणून वाचकहो, आपल्या घरातील लहानगा उद्या काही विचारील, तेव्हा त्याला गप्प करू नका. उत्तर ठाऊक नसेल, तर तसे सांगा आणि जाणत्याकडे घेऊन जा. मग प्रश्न पाखराचा असो वा आयतीचा.

अल्लाह आपल्याला लाभदायक ज्ञान देवो आणि आपल्या मुलांचे प्रश्न ऐकण्याचा धीर देवो. आमीन.