पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : एक शिवार्पित जीवन

॥ श्री शंकर प्रसन्न ॥

ज्योतिर्लिंगांच्या यात्रेस निघालेल्या भाविकाच्या कानी एक नाव वारंवार पडते. काशीस विश्वनाथाच्या मंदिराची माहिती सांगताना ते घेतले जाते, सोमनाथास घेतले जाते, वेरूळच्या घृष्णेश्वरास, परळीच्या वैजनाथास व औंढ्याच्या नागनाथासही घेतले जाते. ते नाव म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. त्यांनी बांधलेली मंदिरे, घाट व धर्मशाळा सर्वपरिचित आहेत. परंतु ज्या अंतःकरणातून ही धर्मकार्ये घडली, त्या अंतःकरणाने किती आघात सोसले होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. पती, सासू, सासरे, एकुलता एक पुत्र, नातू, जावई आणि कन्या अशी जिव्हाळ्याची सर्व माणसे त्यांनी आपल्या हयातीतच गमावली. तरीही शिवपूजेत खंड पडला नाही आणि प्रजेची गाऱ्हाणी ऐकण्याचा नेमही सुटला नाही.

जन्म व बालपण

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यास २०२४ साली त्यांचेच नाव देण्यात आले. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. मुलींना अक्षरओळख करून देण्याची प्रथा नसतानाही माणकोजींनी कन्येस लिहावयास वाचावयास शिकविले. घरचे वातावरण श्रद्धाळू होते. मराठेशाहीचे मातब्बर सरदार मल्हारराव होळकर यांनी गावच्या देवळात या मुलीस पाहिले व तिच्या ठायी असलेला भक्तिभाव पाहून तिला सून करून घेण्याचे ठरविले, असे परंपरेने सांगितले जाते. १७३३ साली मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, म्हणजे साक्षात शिवाचा अवतार. माहेरचा भक्तिसंस्कार सासरी अधिकच दृढ झाला. सासूबाई गौतमाबाई यांनी सुनेस घरकारभारात तयार केले, तर मल्हाररावांनी तिची बुद्धी ओळखून दौलतीच्या हिशेबाकडे लक्ष देण्यास शिकविले. १७४५ साली पुत्र मालेराव व १७४८ साली कन्या मुक्ताबाई यांचा जन्म झाला.

वैधव्याचा आघात

१७५४ साली मराठी फौजांनी जाटांच्या कुंभेर किल्ल्यास वेढा घातला असता खंडेराव तोफेच्या गोळ्याने धारातीर्थी पडले. अहिल्यादेवी तेव्हा अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या काळच्या रूढीनुसार त्यांनी सती जाण्याचा निश्चय केला. एकुलता एक पुत्र गमावलेल्या वृद्ध मल्हाररावांनी मात्र डोळ्यांत पाणी आणून त्यांना अडविले. आता तूच माझा मुलगा, या भावनेने त्यांनी सुनेची विनवणी केली. अहिल्यादेवींनी आपला निश्चय बाजूस ठेवला. ज्या जीविताचा त्या त्याग करणार होत्या, ते पुढे एकेचाळीस वर्षे लोकांच्या कामी आले.

त्यानंतर मल्हारराव मोहिमांवर असताना वसुली, रसद, तोफा व दारूगोळा यांची व्यवस्था अहिल्यादेवी पाहू लागल्या. देवघरातील पूजा आणि कचेरीतील कागद ही दोन्ही कामे त्या सारख्याच निष्ठेने करीत.

पुत्रवियोग व दौलतीवरील संकट

१७६१ साली गौतमाबाई निवर्तल्या. १७६६ साली मल्हाररावांचेही निधन झाले. दौलतीची वस्त्रे मालेरावांस मिळाली, पण त्यांची प्रकृती व चित्त दोन्ही अस्थिर होते. त्यांच्या वर्तनाने मातेस अपार क्लेश झाले. अखेरच्या आजारात अहिल्यादेवी त्यांच्या उशाशी बसून राहिल्या, परंतु १७६७ साली मालेराव मरण पावले.

पुत्रशोक ताजा असतानाच दौलतीवर संकट आले. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत केला व राघोबादादांस पुढे केले. अहिल्यादेवींनी दत्तकास नकार दिला, फौज सज्ज केली, इतर मराठा सरदारांस पत्रे धाडली आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला. पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला व राघोबादादांस माघार घ्यावी लागली. रक्त न सांडता संकट टळले. १७६७ अखेरीस अहिल्यादेवींच्या हाती कारभार आला. फौजेची जबाबदारी त्यांनी तुकोजी होळकरांवर सोपविली आणि नर्मदातीरी महेश्वर येथे आपली राजधानी केली.

राज्य शंकराचे

महेश्वरी त्यांनी जो भाव धरिला तो त्यांच्या भक्तीचे सार होय. राज्य श्रीशंकराचे, आपण केवळ त्याची सेवा करणार, ही त्यांची धारणा होती. राज्याच्या हुकुमांवर त्या आपल्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घालीत. ज्याच्या नावे हुकूम निघतो त्याला शोभेल असाच न्याय झाला पाहिजे, हे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले.

हाच भाव द्रव्याच्या बाबतीतही दिसतो. होळकरांच्या संपत्तीचे दौलत व खासगी असे दोन भाग होते. दौलतीचा पैसा फौजेसाठी व राज्यकारभारासाठी, तर खासगी उत्पन्न घराण्यातील स्त्रियांच्या हक्काचे. देशभरातील धर्मकार्यांचा खर्च अहिल्यादेवींनी प्रामुख्याने या खासगीतून केला. त्या द्रव्यावर तुळशीपत्र ठेवून त्यांनी ते देवास अर्पण केले, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. निपुत्रिक सावकाराच्या विधवेची संपत्ती सरकारजमा करण्याचा मोह त्या काळच्या अनेक राज्यकर्त्यांना होई. अहिल्यादेवींनी अशा विधवांस दत्तक घेण्याची मुभा दिली व त्यासाठी नजराणा घेण्याचे नाकारले.

त्यांची दिनचर्याही व्रतस्थ होती. सूर्योदयापूर्वी उठून स्नान व पूजा, नंतर पुराणश्रवण, दानधर्म व ब्राह्मणभोजन, मग स्वतःचे साधे शाकाहारी भोजन. थोड्या विश्रांतीनंतर दुपारपासून सूर्यास्तापर्यंत दरबार चाले व तेथे कोणासही प्रत्यक्ष गाऱ्हाणे मांडता येई. सायंकाळी पुन्हा पूजा व अल्पाहार झाल्यावर रात्री उशिरापर्यंत कामकाज. अंगावर पांढरे साधे वस्त्र आणि गळ्यातील एका माळेखेरीज अलंकार नाही. एका विद्वानाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला असता त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकून देण्यास सांगितले. महेश्वरच्या वाड्यात मृत्तिकेची शिवलिंगे घडवून, त्यांचे पूजन करून ती नर्मदेत विसर्जित करण्याची लिंगार्चनाची परंपरा आजही चालू आहे.

यात्रेकरूंची सावली

आपल्या दुःखाने दुसऱ्याच्या कष्टांची जाणीव वाढावी, असे अहिल्यादेवींच्या बाबतीत घडले. यात्रा म्हणजे त्या काळी जिवावरचे काम होते. मार्गात पाणी नसे, निवारा नसे, चोरांचे भय असे. म्हणून त्यांनी मंदिरांबरोबरच यात्रेकरूंच्या वाटेचाही विचार केला. डोंगरी मुलखातील भिल्लांचा वाटसरूंकडून कर घेण्याचा परंपरागत हक्क त्यांनी मान्य केला आणि त्या बदल्यात त्याच वाटेच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. उन्हाळ्यात पाणपोया, थंडीत गोरगरिबांस पांघरुणे, तीर्थाच्या ठिकाणी अन्नछत्रे अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली. दूरदूरच्या देवस्थानांस गंगाजल पोहोचविण्याची सोय केली. नर्मदेतील माशांस नित्य अन्न मिळे आणि पाखरांस दाणे टिपता यावेत म्हणून पिकाची शेतेही राखली जात.

त्यांनी केलेल्या बांधकामांत पुढील कार्ये विशेष उल्लेखनीय आहेत. काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० साली पुन्हा उभे राहिले. १७८३ साली सोमनाथ येथे भग्न मंदिराजवळ नवे मंदिर बांधून तळघरात शिवलिंगाची प्रतिष्ठापना झाली. १९५१ साली तेथे भव्य मंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली, तरी अहिल्यादेवींचे मंदिर आजही पूजेत आहे. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ साली बांधून पूर्ण झाले. हिमालयात केदारनाथच्या वाटेवर दगडी धर्मशाळा व कुंड झाले. काशी व महेश्वर येथील घाट, तसेच महाराष्ट्रातील अनेक शिवालयांचे जीर्णोद्धार हीही त्यांचीच पुण्याई. यांपैकी बहुतेक ठिकाणे होळकरांच्या राज्याबाहेरची होती. तेथून एक रुपयाचीही वसुली होणार नव्हती. भाविकाची सोय व्हावी, एवढाच त्यामागील हेतू.

अखेरची कसोटी

वय साठीच्या पुढे गेल्यावरही दैवाने परीक्षा थांबविली नाही. मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांचा पुत्र नथ्याबा हा आजीचा विसावा. तो ऐन तारुण्यात गेला. त्यानंतर वर्षभरातच, १७९१ साली, यशवंतरावही निवर्तले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निर्धार केला. राज्यातील सर्वांना न्याय देणारी ही माता आपल्या लेकीपुढे पदर पसरून रडली, तिने मागे फिरावे म्हणून परोपरीने विनवीत राहिली. मुक्ताबाई ऐकेनात. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांची विनवणी अहिल्यादेवींनी मानली होती. आज त्यांची विनवणी मात्र व्यर्थ गेली. नर्मदातीरी चिता पेटली तेव्हा त्यांना दोघांनी धरून ठेवावे लागले. ती क्रूर रूढी पुढे कायद्याने बंद झाली, परंतु या मातेचे दुःख कोण भरून काढणार?

त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही व कोणाशी शब्दही बोलल्या नाहीत. या मौनात त्यांनी देवास काय विचारले असेल, हे देवच जाणे. पुढे लेक व जावई यांच्या स्मरणार्थ त्यांनी छत्री बांधविली आणि पुन्हा पूर्ववत पूजेस व दरबारात बसू लागल्या. देवाने दुःख टाळावे म्हणून त्यांनी पूजा केली नव्हती, त्यामुळे दुःख टळले नाही म्हणून ती थांबलीही नाही. अहिल्यादेवींच्या भक्तीची थोरवी येथे कळते.

शिवचरणी विलीन

श्रावण महिना शिवपूजेचा. त्याच श्रावणातील वद्य चतुर्दशीस, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी अहिल्यादेवींनी महेश्वर येथे देह ठेवला. लोकांनी त्यांना पुण्यश्लोक ही पदवी कृतज्ञतेने दिली. २०२१ साली काशी विश्वनाथ धामात त्यांचा पुतळा उभारण्यात आला आणि २०२५ साली त्यांची त्रिशताब्दी जयंती साजरी झाली.

देवदर्शनास येणारा प्रत्येक भाविक काही ना काही दुःख मनाशी घेऊन येतो. कोणाचे माणूस गेलेले असते, कोणाच्या घरी आजार असतो, कोणाची लेकरे दुरावलेली असतात. अशा वेळी गाभाऱ्यासमोर उभे असताना या थोर शिवभक्त मातेचे स्मरण करावे. जिचे घर रिकामे झाले, तिने अनोळखी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. आपल्या हातून घडणारी सेवा, मग ती अन्नदानाची असो वा तहानलेल्यास घोटभर पाणी देण्याची, त्याच भावाने श्रीशंकराच्या नावे व्हावी, हीच अहिल्यादेवींना खरी आदरांजली ठरेल.

॥ ॐ नमः शिवाय ॥