गोविंद बल्लाळ देवल : वर्गातून तालमीकडे

आपल्यापैकी काहीजण शिक्षक असतील. गडमुडशिंगीसारख्या गावातील शाळेत स्नेहसंमेलनाचे नाटक बसवण्याची जबाबदारी बहुधा मराठीच्या शिक्षकावर येते. तिला अभ्यासक्रमाबाहेरचे ओझे मानण्यापूर्वी गोविंद बल्लाळ देवल यांचे चरित्र आपण ध्यानात घ्यावे.

देवलांचा जन्म १८५५ साली सांगलीजवळच्या हरिपूर येथे झाला. बेळगावात शिकत असताना त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर हे गुरू लाभले. १८७९ मध्ये मॅट्रिक झाल्यावर देवल तेथेच शिक्षक झाले. वर्गातील हे गुरुशिष्यनाते पुढे रंगभूमीवरही टिकले. किर्लोस्कर मंडळीत देवलांनी नटांना शिकवले. गणपतराव बोडसांसारखे नट त्यांच्या तालमीत घडले. शब्दांचा अर्थ उमगल्याशिवाय अभिनय सहज होत नाही, ही शिक्षकाची दृष्टी त्या तालमीमागे होती.

देवलांच्या सात नाटकांपैकी ‘शारदा’ (१८९९) हे एकच स्वतंत्र नाटक. पैशाच्या लोभाने वृद्धाला दिल्या जाणाऱ्या मुलीची व्यथा त्यांनी घरगुती, बोलक्या मराठीत मांडली. जून १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्याच वर्षी त्यांचे ‘संशयकल्लोळ’ गंधर्व नाटक मंडळीने संगीतरूपात रंगभूमीवर आणले. त्यातील फाल्गुनराव बोडसांनी साकारला.

यावरून आपल्या लक्षात येईल की तालीम हादेखील भाषेचा तासच असतो.

स्वाध्याय : ‘शारदा’मधील एक प्रवेश मोठ्याने वाचा. पात्रागणिक भाषा कशी बदलते, ते नोंदवा.