हेन्री मार्टिन आणि परमुलखांतील उन्हाळा



चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील उपदेशकांपुढें दरवर्षीं एकच अडचण उभी राहते. नेमून दिलेलीं गांवें तर फिरलींच पाहिजेत, आणि दहा वाजल्यावर वाटेच्या धुळींत पाय ठेववत नाहीं. अशा वेळीं जो उन्हाची पर्वा न करितां भर दुपारीं चार कोस चालून जातो त्यास आपण विश्वासू म्हणतों, आणि जो आंब्याखालीं थांबतो त्यास मनांतल्या मनांत आळशी ठरवितों. हा न्याय बरोबर आहे काय? ह्या प्रश्नाचा विचार करितांना हेन्री मार्टिन ह्यांचें चरित्र पुष्कळ शिकवितें. थंड देशांत जन्मलेल्या ह्या अशक्त मनुष्यानें हिंदुस्थान व इराण येथील उन्हाळे सोसून दोन भाषांत नवा करार तयार केला, आणि वयाचीं बत्तीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं परक्या मुलखांत देह ठेविला.

मार्टिन ह्यांचा जन्म ता. 18 फेब्रुवारी 1781 रोजीं इंग्लंडांतील कॉर्नवॉल प्रांतीं ट्रुरो गांवीं झाला. त्यांचे वडील आरंभीं खाणींत काम करीत; पुढें स्वतःच्या मेहनतीनें हिशेब शिकून ते एका व्यापाऱ्याच्या पेढीवर मुख्य कारकून झाले. हेन्री अगदीं लहान असतांनाच आई वारली. क्षयरोग त्या घराण्याच्या पाठीस लागलेला होता, आणि हेन्रीही जन्मापासून नाजूक प्रकृतीचे होते. परंतु बुद्धि तीक्ष्ण होती. 1797 सालीं ते केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजांत गेले, आणि 1801 च्या जानेवारींत गणिताच्या परीक्षेंत साऱ्या विद्यापीठांत पहिले आले. वकिली करून नांव व पैसा मिळवावा असा त्यांचा बेत होता. पण 1800 सालीं वडील एकाएकीं वारल्यानें त्यांचें मन हललें व तें ईश्वराकडे वळलें. 1803 सालीं ते चार्ल्स सिमियन ह्यांचे मदतनीस पाळक झाले. पुढें वडिलार्जित मालमत्ता बुडाली व बहिणीच्या पोषणाचा भार येऊन पडला. म्हणून कंपनी सरकारच्या नोकरींत पलटणींचे पाळक होऊन ते 1805 सालीं हिंदुस्थानास निघाले. लिडिया ग्रेनफेल नांवाच्या ज्या स्त्रीवर त्यांचें प्रेम होतें ती मागेंच राहिली, आणि त्यांची पुन्हां भेट कधींच झाली नाहीं.

1806 च्या मे महिन्यांत, म्हणजे उन्हाळ्याच्या अगदीं कडक दिवसांत, ते कलकत्त्यास पोंचले. श्रीरामपुराजवळ गंगेच्या कांठीं एक ओसाड पडलेलें जुनें देवालय होतें. पाळक डेव्हिड ब्राउन ह्यांनीं तें त्यांस राहावयास दिलें. त्या जागेंत मार्टिनसाहेब अभ्यास व प्रार्थना करीत. परंतु बंगालचा उष्मा दमट असतो. तेथें घाम येतो पण वाळत नाहीं, आणि घाम वाळल्यावांचून अंगास गारवा येत नाहीं. थोड्याच दिवसांत त्यांस तापानें गांठलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ते दानापुरास गेले, व तेथें फितरत नांवाच्या मुनशीच्या साहाय्यानें त्यांनीं नव्या कराराचें हिंदुस्थानी भाषांतर 1808 सालीं पुरें केलें.

1809 सालीं त्यांची बदली कानपुरास झाली. ही बदली हिंवाळ्यांत झाली असती तर बरें होतें. ती ऐन उन्हाळ्यांत झाली. जाणत्या लोकांचा रिवाज असा कीं, लू वाहूं लागली म्हणजे दिवसा मुक्काम करावा व रात्रीं चालावें. मार्टिनसाहेबांस तेवढा धीर निघाला नाहीं. अलाहाबादेहून ते मेण्यांत बसले ते दोन दिवस व दोन रात्री कोठेंही न थांबतां चालत राहिले. भट्टींतून यावा तसा वारा मेण्यांत शिरत होता. कानपुरास शेरवुड नांवाच्या कप्तानाच्या दारीं ते उतरले, आणि आंत पाऊल ठेवतांच मूर्च्छा येऊन पडले. त्या कुटुंबानें त्यांस घरांतील मधल्या दालनांत निजविलें. दारें लावून घेऊन वाऱ्याच्या बाजूस वाळ्याच्या ताट्या बसविल्या होत्या व त्यांवर पाणी शिंपडलें जात होतें. बाहेरचा कोरडा वारा ओल्या वाळ्यांतून येतांना त्यांतील पाणी वाळवितो, आणि त्या वाळण्यांत स्वतःची आंच गमावून बसतो. अनेक दिवसांच्या शुश्रूषेनंतर ते बरे झाले.

कानपुरास तेव्हां देऊळ नव्हतें. उपासना उघड्या मैदानांत होई. सुमारें एक हजार शिपाई चौकोन करून उभे राहत, आणि सूर्य उगवण्यापूर्वींच इतका उकाडा होई कीं कित्येक शिपाई उभ्या उभ्या खालीं कोसळत. लोक ऐकावयास आले आणि पडूं लागले, हें पाहून मार्टिनसाहेबांनीं त्यास भक्तीची कसोटी म्हटलें नाहीं. त्यांनीं सरकाराकडे छपराची जागा मागितली व मागणी सोडली नाहीं. शेवटीं 1810 च्या सप्टेंबरांत तेथें देऊळ उघडलें. स्वतःच्या देहाविषयीं बेपर्वा असणारा हा मनुष्य दुसऱ्यांच्या देहाविषयीं बेपर्वा नव्हता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

त्याच बंगल्याच्या आवारांत ते रविवारीं संध्याकाळीं भिकाऱ्यांस जमवीत. आंधळे, पांगळे, महारोगी, फकीर असे शेंकडों लोक येत. मार्टिनसाहेब त्यांस पैसे देत व चौथऱ्यावरून उपदेश करीत. एके दिवशीं शेजारच्या बागेतून कांहीं तरुण मुसलमान थट्टा करण्यासाठीं पाहावयास आले. त्यांत शेख सालेह नांवाचा एक जण होता. त्याचें मन त्या शब्दांनीं धरून ठेविलें. 1811 सालीं कलकत्त्यास त्याचा बाप्तिस्मा झाला व अब्दुल मसीह हें नांव पडलें. आग्र्यास त्यानें पुष्कळ वर्षें उपदेशकाचें काम केलें, आणि 1825 सालीं बिशप हेबर ह्यांनीं त्यास पाळकपदाची दीक्षा दिली. मार्टिनसाहेबांस मात्र हें फळ डोळ्यांनीं पाहावयास मिळालें नाहीं.

छातीचें दुखणें वाढत चाललें होतें. शिवाय फारसी भाषांतर इराणी लोकांस रुचणार नाहीं असें जाणत्यांनीं सांगितलें. म्हणून तें इराणांतच जाऊन सुधारावें असें त्यांनीं ठरविलें. 1811 च्या जानेवारींत ते कलकत्त्याहून जहाजानें निघाले. वाटेंत गोव्यास उतरून त्यांनीं फ्रान्सिस झेवियर ह्यांची कबर पाहिली, आणि ता. 18 फेब्रुवारीस, आपल्या तिसाव्या वाढदिवशीं, ते मुंबईस पोंचले. सुमारें पांच आठवडे तेव्हांच्या मुंबई इलाख्यांत राहून मार्चच्या अखेरीस ते पुढें गेले व मे महिन्यांत इराणच्या आखातावरील बुशहर बंदरीं उतरले.

आतां पाहा, कानपुरच्या वाटेनें त्यांस काय शिकविलें होतें. ता. 30 मे रोजीं रात्रीं दहाच्या सुमारास, चांदणें असतां, ते खेंचरें व घोडीं ह्यांच्या तांड्याबरोबर शिराजकडे निघाले. अंगावर इराणी पोषाख होता: सैल निळा पायजमा, तांबडे बूट व कोंकराच्या काळ्या कातड्याची उंच टोपी. तांड्यावाल्यांच्या रिवाजाप्रमाणें रात्रभर चालून सूर्योदयीं एका झाडाखालीं राहुटी ठोकली. पण राहुटींतही उष्णतामापक यंत्रांतील पारा 112 अंशांवर गेला, आणि चढतच राहिला. मनुष्याच्या अंगाची उष्णता सुमारें 98 अंश असते. हवा तिच्याहून तापली म्हणजे वारा गारवा देत नाहीं, उलट आंच आणून घालतो. मार्टिनसाहेबांनीं कांबळें व मिळतील तीं जाड वस्त्रें अंगाभोंवतीं गुंडाळलीं. हेतु असा कीं, बाहेरची झळ अडावी आणि अंगावरील घाम लवकर उडून जाऊं नये. कांहीं वेळ हा उपाय चालला. सोबत्यानेंही तोच केला. परंतु पारा 126 वर पोंचला, अंगांतील ओलावा सरला, जीव कासावीस झाला, आणि आपलें भान सुटतें कीं काय असें त्यांस वाटलें. अशा स्थितींत आपण दोनएक दिवसांहून अधिक टिकणार नाहीं असें समजून त्यांनीं मन शांत केलें. सूर्य मावळल्यावर ते राहुटीबाहेर आले तेव्हां अर्धमेले झाले होते.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं हिंदुस्थानांत पाहिलेली युक्ति योजिली. खजुरीच्या फांद्यांची ताटी बांधून घेतली व तिजवर पाणी शिंपडण्यास एक खेडूत मजुरीनें ठेविला. पारा 114 च्या वर गेला नाहीं. एकीकडे 126 व एकीकडे 114! बारा अंशांचा हा भेद थोड्या फांद्यांनीं, पाण्यानें आणि एका गरीब शेतकऱ्याच्या हातांनीं घडविला. पुढील एका मुक्कामीं मोठा पंचा ओला करून त्यांनीं डोक्याला व अंगाला लपेटला. कांबळें गेलेला ओलावा परत आणूं शकत नव्हतें. ओला पंचा तो आणीत होता. असे मुक्काम करीत, उंच घाट चढतांना थंडीनें कुडकुडत, ते जूनच्या 9 व्या तारखेस शिराजला पोंचले.

शिराजचा उन्हाळा त्यांनीं शहाणपणानें काढिला. यजमान जाफर अली खान ह्यांनीं शहराबाहेर आपल्या बागेंत त्यांच्यासाठीं तंबू दिला. जवळून स्वच्छ पाण्याचा ओहोळ वाहत होता व भोंवतीं द्राक्षांचे घोंस लोंबत होते. तेथें मिर्झा सय्यद अली ह्यांच्याबरोबर बसून काम चालू झालें. 1812 च्या फेब्रुवारींत फारसी नवा करार संपूर्ण झाला, आणि लवकरच स्तोत्रेंही झालीं. हा ग्रंथ 1815 सालीं रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें छापला गेला.

काम संपतांच मात्र पूर्वीची घाई परत आली. तब्रीझ येथें दोन महिने ते तापानें अंथरुणास खिळले होते. तरी थोडें बरें वाटतांच सप्टेंबरांत घोड्यावरून कॉन्स्टंटिनोपलच्या वाटेस लागले. तेथून त्यांस मायदेशीं जावयाचें होतें. बरोबरचा तातार वाटाड्या निर्दय होता. ताप भरला असतांही तो त्यांस दौडत नेई. एका रात्रीं असह्य दाहामुळें त्यांनीं सामानामध्यें डोकें खुपसून ओल्या जमिनीवर टेकलें, तेव्हां कोठें झोप लागली. ता. 16 ऑक्टोबर 1812 रोजीं तुर्कस्तानांतील तोकात येथें ते वारले. आर्मेनियन ख्रिस्ती लोकांनीं त्यांस सन्मानानें मूठमाती दिली.

उन्हाळ्यानेंच त्यांचा प्राण घेतला असें म्हणतां येणार नाहीं. क्षय त्यांच्या देहांत पूर्वींपासून होता. तरी लुवेंतील तो मेणा व ती अखेरची दौड ह्यांनीं त्यांचें आयुष्य वाढविलें नाहीं, हें उघड आहे. कानपुरास धांवत पोंचलेल्या मार्टिनसाहेबांस लोकांनीं उचलून आंत न्यावें लागलें. बागेंतील ओहोळाकांठीं बसलेल्या मार्टिनसाहेबांनीं इराणास नवा करार दिला. दोघांच्या अंतःकरणांत आवेश सारखाच होता. भेद इतकाच कीं, दुसरे त्या देशाच्या लोकांचें ऐकावयास शिकले होते.

उपदेशक बंधूंनो, आपण ह्या देशांत परके नाहीं. पहाटे निघावें, दुपारीं सांवली धरावी, डोक्यास ओला पंचा बांधावा, तहान लागण्याची वाट न पाहतां थोडें थोडें पाणी प्यावें, कांद्याभाकरीबरोबर मिठाचें ताक घ्यावें, हें आपल्या आजोबांस ठाऊक होतें. कोणास उन्हांत भोंवळ आली, बोलणें बरळूं लागलें, तर त्यास त्वरित सावलींत न्यावें, अंग ओलें करून वारा घालावा व दवाखान्याची वाट धरावी. शुद्ध नसेल तर तोंडांत पाणी ओतूं नये. आणि मंडळीच्या वडिलांनो, उपदेशक दुपारीं झाडाखालीं बसलेला दिसला तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं त्यास तांब्याभर पाणी नेऊन द्या. आपला प्रभुही प्रवासानें थकून भर दुपारीं याकोबाच्या विहिरीवर बसला होता, आणि त्या बसण्यांतूनच एका साऱ्या गांवास जीवनाचें पाणी मिळालें.